लगामावर तयार केलेली घोडी गावाकडच्या बाजारात का अडते

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेत, ते आधी सुटे करतो. तुम्ही शिरोळ तालुक्यातले. घरची मारवाडी घोडी तुम्ही अमेरिकन रेनिंगच्या पद्धतीनं तयार केली. ढिल्या लगामावर ती लहान-मोठी वर्तुळं घालते, जागच्या जागी फिरकी घेते, मागच्या पायांवर बसून थांबते. अकलूजच्या बाजारात नेलीत तर व्यापाऱ्यानं विचारलं, "नाचती का?" नाही म्हटल्यावर साध्या सवारीच्या घोडीचा भाव सांगून तो पुढं गेला. आता ही घोडी विकून त्या पैशात दोन शिंगरं घ्यावीत, तशीच तयार करून विकावीत, आणि जमलं तर 'खरा रेनिंगचा घोडा' कुठं मिळतो ते कळावं, असं तुम्ही लिहिलंय.

त्या व्यापाऱ्यावर रागावू नका. तो उद्या जे विकू शकेल त्याचेच पैसे आज देणार. आपल्याकडच्या घोडेबाजारात भाव कशावर ठरतो बघा: उंची, रंग, कानांची ठेवण, अंगावरच्या केसांचे भोवरे, रेवाल (धक्के न देणारी, जलद) चाल आणि नाच. यातलं सगळं जमिनीवर उभं राहून दहा मिनिटांत दिसतं. तुमच्या घोडीचं मोल खोगिरात बसल्याशिवाय कळत नाही, आणि तेही बसणाऱ्याचा हात हलका असेल तरच. ओढून धरणाऱ्या माणसाच्या हातात ती डोकं झटकणार, गोंधळणार, आणि तो म्हणणार, "घोडी अडेल हाय." म्हणजे तुमच्याकडं माल आहे, पण तो ओळखणारं गिऱ्हाईक त्या मैदानात नव्हतं. ही एक गोष्ट धरून चाललात की पुढची खरेदी, शिकवणी आणि विक्री सगळी वेगळी दिसायला लागते.

आता 'खरा रेनिंगचा घोडा'. रेनिंग हा अमेरिकेतल्या गुराख्यांच्या कामातून आलेला खेळ. या खेळाची तिथली राष्ट्रीय संघटना १९६६ मध्ये निघाली. ठरलेला आराखडा पाठ करून एकट्या घोड्यानं तो करून दाखवायचा, प्रत्येक घोड्याला ७० गुणांपासून सुरुवात, आणि प्रत्येक हालचालीवर दीडपर्यंत गुण वाढतात किंवा कमी होतात. तिथं जिंकणारे घोडे बहुतेक क्वार्टर हॉर्स जातीचे: आखूड पाठ, भरदार पुठ्ठा (मागचा भाग), मान खाली ठेवून चालणारे. असा घोडा परदेशातून आणायचा तर परवाना, क्वारंटाइन, विमानभाडं असा खर्च घोड्याच्या किमतीवर चढतो. गावाकडं विकायच्या धंद्यात तो खर्च बसत नाही, म्हणून हा विषय मी इथंच सोडतो. आपल्याला इथल्याच रक्तातून निवडायचंय.

एक बाजूची गोष्ट. एका हातात लगाम ठेवून घोडा वळवणं आपल्याला परकं नाही. भाला किंवा तलवार चालवणाऱ्या स्वाराचा एकच हात मोकळा असायचा, त्याला घोडा मानेवरच्या लगामाच्या स्पर्शानं आणि मांडीनंच वळवावा लागे. दख्खनचे शिलेदार आणि बारगीर ज्या भीमथडी तट्टांवर फिरले ती बुटकी, काटक, चपळ जनावरं होती. त्या घोड्यांना आज आपल्या देशी जातींच्या यादीत स्वतंत्र नोंद मिळाली आहे. तुमची पद्धत कुणी 'फॉरेनची थेरं' म्हणालं तर हे सांगायला हरकत नाही.

खरेदीत तुमचा खरा फायदा आहे तो हा: बाजार ज्याला कमी भाव देतो त्यातलं बरंचसं तुमच्या कामाला चांगलं असतं. व्यापारी इंचावर बोलतो. बासष्ट, चौसष्ट इंचांचा घोडा म्हटलं की डोळे चमकतात. फिरकी आणि झटक्यात थांबणं यासाठी सत्तावन्न-अठ्ठावन्न इंचांचा, जमिनीलगत बांध्याचा घोडा जास्त बरा. उंच मान आणि वर धरलेलं डोकं ही मारवाडीची शान, पण त्या ठेवणीत घोडा पाठ पोकळ करून धावतो आणि मागचे पाय पोटाखाली आणायला त्याला कष्ट पडतात. म्हणून मारवाडीत आखूड पाठीची, मान जरा खाली बसलेली जनावरं शोधा. काठियावाडी रक्तात असा बांधा जास्त सापडतो. मागच्या पायाचा मधला सांधा आडव्या बाजूनं आणि मागून नीट बघा. तिथं पाय कोयत्यासारखा फार वाकलेला असेल तर पहिल्या वर्षी सुंदर थांबेल, तिसऱ्या वर्षी लंगडेल.

रंग आणि भोवऱ्यांचंही तसंच. पंचकल्याणी (चार पाय आणि तोंडावर पांढरं असलेल्या) आणि शुभ मानलेल्या देवमण भोवऱ्याच्या जनावराला जास्तीचे पैसे पडतात, 'खोटा' भोवरा असला की भाव पडतो. भोवऱ्यावरून घोडा फिरत नाही, हे खरं. पण घेताना ज्या कारणानं तुम्हाला स्वस्त मिळालं त्याच कारणानं विकताना गावातलं गिऱ्हाईक पैसे कापणार. तुम्ही ते स्वाराला विकणार असाल तरच हा व्यवहार फायद्याचा. ते नक्की नसेल तर साधा कुमाईत (तांबूस-तपकिरी), चारचौघांसारखा घ्या.

नाचाला लावलेलं जनावर मात्र फुकट मिळालं तरी घेऊ नका. तोंडात काटेरी कडियाळं (लगामाचा तोंडातला लोखंडी भाग) घालून, डोकं बांधून नाचवलेल्या घोड्याची जीभ आणि हिरड्या बधिर झालेल्या असतात. लगाम हलला की पाय आपटायचे हेच त्याच्या अंगात मुरलेलं असतं. ढिला लगाम त्याला कळत नाही, भीती वाटते. काटेरी कडियाळ्याला ओझी आणि गाडी ओढणाऱ्या जनावरांच्या छळाविरुद्धच्या १९६५ च्या नियमांनी बंदी आहे हे आपल्याकडं किती जणांना माहीत असतं, देव जाणे. तोंड उघडून ओठांचे कोपरे आणि जिभेवरचे व्रण बघितले की मालकानं न सांगितलेलंही कळतं.

शर्यतीतून निवृत्त झालेल्या थरोब्रेडबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवणारच. पुण्याचा हंगाम संपत आला की असे घोडे अगदी कमी पैशात सुटतात. जनावर देखणं, पण उंच, तापट, आणि पुढच्या पायाच्या कंडरांना (टेंडनना) जुनी दुखापत असण्याची शक्यता मोठी. सरळ रेषेत पळायला घडवलेलं ते शरीर आहे. अनुभवी स्वाराला ठीक, तुमच्या या धंद्याला नाही.

वय दातांवरून बघायला शिका, दलालाच्या तोंडावर सोडू नका. साधारण अडीच वर्षांला मधले दोन पक्के दात येतात, साडेतीनला त्यांच्या शेजारचे, साडेचारला कडेचे, आणि पाचव्या वर्षी तोंड भरतं. वरच्या कडेच्या दातावर हिरडीपाशी तपकिरी खोबण दिसली तर घोडा दहाच्या आसपास गेला असं धरा. तुम्ही दोन ते चार दातांमधलं जनावर घ्या. अमेरिकेत तीन वर्षांच्या घोड्यांच्या मोठ्या बक्षिसांच्या स्पर्धा असतात, त्यामुळं तिथं दुसऱ्या वर्षीच खोगीर चढवतात. आपल्यावर ती घाई नाही. घोड्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ पाच-सहा वर्षांपर्यंत चालू असते. मी चार दात येईपर्यंत जमिनीवरचंच काम करतो: दोरावर फिरवणं, मागं सरकणं, पुठ्ठा बाजूला काढणं, टेम्पोत चढणं. सवारी नंतर, आणि फिरकी-थांबा त्याच्याही नंतर.

घ्यायच्या आधी जनावर दोनदा बघा, आणि दुसऱ्यांदा न सांगता जा. लंगड झाकायला वेदनाशामक, तापटपणा झाकायला गुंगीचं इंजेक्शन देणारे लोक सगळ्या बाजारांत आहेत. सकाळी तबेल्यातून बाहेर काढताना पहिली पन्नास पावलं सगळं सांगतात. कडक जमिनीवर दुडकी चालवून बघा, दोन्ही बाजूंना लहान गोल घालायला लावा. तबेल्यात थोडा वेळ गप्प उभं राहा. गव्हाणीला दात लावून हवा ओढणं किंवा एका जागी झुलत राहणं ही खोड व्यापारी स्वतःहून सांगत नाही. घोडी असेल तर डॉक्टरांकडून गाभण आहे का ते तपासून घ्या. अकरा महिन्यांचा काळ असतो, आणि सुरुवातीला बाहेरून काही दिसत नाही.

रक्ततपासणीशिवाय विसारापलीकडं एक रुपया देऊ नका. ग्लँडर्स या रोगावर लस नाही, उपचाराला परवानगी नाही, आणि तो माणसालाही होतो. घोडा बाधित निघाला तर सरकारी नियमाप्रमाणं त्याला मारावंच लागतं, आणि भरपाई बाजारभावाच्या जवळपासही जात नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून नमुना पाठवता येतो. हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र ही त्यातली मुख्य प्रयोगशाळा. अहवाल यायला वेळ लागतो म्हणून बाजारात कुणी थांबत नाही, आणि इथंच माणसं अडकतात. शक्य असेल तर बाजारात फक्त बघा, पत्ता घ्या, आणि व्यवहार घरी जाऊन करा. सर्रा या रक्तातल्या परजीवीच्या रोगासाठीही तपासून घ्या. तो डंखणाऱ्या माशांमुळं पसरतो आणि नदीकाठच्या आपल्या भागात गुरांच्या गोठ्याशेजारी बांधलेल्या घोड्यांना त्याचा धोका असतो. नवीन जनावर आलं की तीन आठवडे वेगळं बांधा, पाण्याची बादलीसुद्धा वेगळी.

आता दोन गोष्टी ज्या कोल्हापूर भागात जास्त आडव्या येतात. पहिली वैरण. आपल्याकडं उसाचं वाडं मुबलक आणि नेपिअर गवत प्रत्येक बांधावर. गाई-म्हशींना ते चालतं म्हणून घोड्यालाही तेच टाकतात. या दोन्हींत ऑक्सलेट असतं, ते कॅल्शियमला बांधून ठेवतं. त्यात वरून गव्हाचा कोंडा भरपूर दिला, म्हणजे फॉस्फरस वाढवला, की शरीर हाडांतलं कॅल्शियम काढायला लागतं. जबड्याच्या वर चेहरा फुगतो, पाय कधी हा तर कधी तो दुखतो, आणि मालक नालबंदाला दोष देतो. झटक्यात थांबणाऱ्या घोड्याची हाडं अशी पोखरली गेली तर सगळी मेहनत पाण्यात. चारशे किलोच्या घोड्याला दिवसाला आठ किलोच्या आसपास सुका चारा लागतो. त्यात शाळूचा कडबा, ओटचा चारा, लसूणघास असं मिश्रण ठेवा. वाडं द्यायचंच तर चवीपुरतं. शिंगरू वाड्यावर वाढलेलं आहे का, हे घेतानाच विचारा.

दुसरी जमीन. शिरोळ-हातकणंगल्याची काळी माती पावसाळ्यात पाय धरून ठेवते आणि उन्हाळ्यात दगड होते. दोन्हींवर घसरून थांबायला लावणं म्हणजे मागचे सांधे मुद्दाम खराब करणं. अमेरिकेत या थांब्यासाठी मागच्या पायांना रुंद, गुळगुळीत नाल मारतात आणि खाली दाबून पक्का केलेला थर, वर दोन-तीन इंच मोकळी माती असते. आपल्याकडं मुरूम रोलरनं बसवून, पाणी निघून जाईल असा उतार देऊन, वर वाळू-माती टाकता येते. पण नीट रिंगण करायचं तर अठरा-वीस गुंठे हवेत, आणि ऊस काढून तेवढी जमीन घरचे देतील का, ते तुम्हालाच माहीत. देणार नसतील तर थांबा दुडकीवरच शिकवा. भरधाव घसरणं सोडून द्या. खरं सांगायचं तर गिऱ्हाईकालाही ते लागत नाही. व्हिडिओत भारी दिसतं एवढंच.

मग गिऱ्हाईक कोण? पुणे, बेळगाव, कोल्हापूरच्या आसपासच्या रायडिंग क्लबना शांत, हलक्या तोंडाचे घोडे लागतात, कारण शिकाऊ पोरं त्यावर बसतात. फार्महाऊस असलेले, चाळिशीनंतर घोडेस्वारी शिकणारे लोक वाढलेत. त्यांना नाच नको, पडायची भीती वाटते. मुला-मुलीला घोडा घेऊन देणारे पालकही त्यातच आले. टेंट पेगिंग (भरधाव घोड्यावरून भाल्यानं जमिनीतली खुंटी उचलण्याचा खेळ) करणाऱ्यांना सरळ धावणारा आणि एका हातावर वळणारा घोडा लागतो. यात्रा-पालखीत घोडा नेणाऱ्यांना गर्दीत उभं राहणारं जनावर हवं असतं. वरातीवाल्यालाही शांत घोडीच लागते आणि तो पैसेही देईल, पण बँड, फटाके, रात्रीची रस्त्यावरची ड्युटी यांत तुमचं काम चार महिन्यांत पुसलं जाईल. तिथं विकायचं की नाही हा तुमच्या मनाचा आणि गरजेचा प्रश्न. मी विकत नाही, पण ज्याला हप्ता भरायचा आहे त्याला मी नावं ठेवणार नाही.

या लोकांना विकायची रीत वेगळी. आधी तुम्ही पाच मिनिटं बसून दाखवा, लगाम लोंबताना दिसू द्या. मग गिऱ्हाईकाला बसवा, पण लगेच नाही. आधी जमिनीवर उभं राहून त्याच्या हातात लगामाचं एक टोक द्या, दुसरं तुम्ही धरा, आणि किती हलकं पुरतं ते त्याला जाणवू द्या. एवढ्यानं निम्मे लोक सुधारतात. उरलेल्या निम्म्यांना घोडा देऊ नका, कितीही भाव सांगितला तरी. कडक हाताच्या माणसाकडं गेलेला असा घोडा काही आठवड्यांत बिघडतो, आणि मग सगळ्या तालुक्यात तुमचं नाव होतं की यानं फसवलं. म्हणून मी किंमत सांगतानाच सोबत शिकवणी सांगतो: पहिला महिना आठवड्यातून दोनदा मी येणार, तुम्ही माझ्यासमोर बसणार, त्याचे पैसे वेगळे नाहीत. ज्याला हे नको असतं त्याला बहुतेक वेळा घोडाही नकोच असतो, दारात बांधायला शोभा हवी असते.

व्हिडिओ काढाल तेव्हा तो न कापता एकच काढा. घोडी पकडण्यापासून सुरुवात करा: खरारा, खोगीर, चढणं, दोन्ही बाजूंच्या फिरक्या, थांबून दोन मिनिटं नुसतं उभं राहणं, आणि शेवटी स्वतःहून टेम्पोत चढणं. बघणाऱ्याला फिरकीपेक्षा हे उभं राहणं आणि टेम्पोत चढणं जास्त पटतं. २०१९ चा महापूर ज्यांनी तुमच्या भागात पाहिला त्यांना तर टेम्पोत चढणाऱ्या घोड्याची किंमत वेगळी सांगायला लागत नाही.

व्यवहार लिहून करा. वय, मायक्रोचिप किंवा नोंदणी असेल तर तिचा क्रमांक, माहीत असलेल्या जुन्या दुखापती, खोडी, तपासणीचे अहवाल, गाभण नसल्याचं प्रमाणपत्र, विसार किती, बाकी कधी. पंधरा दिवसांत परत घेईन असं मी लिहून देतो, पण लंगड किंवा जखम झालेली नसेल तर. परत आलेलं जनावरही वेगळं बांधतो. रुमालाखाली बोटं दाबून व्यवहार करायची जुनी पद्धत बैलांना ठीक होती. तुम्ही दाखवताय ते कौशल्य आहे, ते कागदावर उतरलं नाही तर उद्या तोंडी भांडण.

थोडक्यात मांडतो, कारण बरंच पसरलं. परदेशी रक्ताच्या मागं लागू नका. बाजारातून बुटकं, आखूड पाठीचं, न बिघडलेल्या तोंडाचं शिंगरू रक्ततपासणीनंतर घ्या. विक्री बाजारात नको, स्वार शोधून करा. बाकीचं तुमच्या घरच्या परिस्थितीवर आहे: जमीन किती, दुसरं उत्पन्न आहे का, रोज दीड तास एका जनावराला देता येतो का. एक घोडा नीट तयार व्हायला दीड वर्ष तरी जातं, आणि तेवढे दिवस तो नुसता खातो, दर पाच-सहा आठवड्यांनी नाल मागतो. नोकरी सांभाळून करणार असाल तर दोन शिंगरं एकदम नको, एकच घ्या.

आणि ती घोडी आत्ता विकू नका. ती तुमच्या दुकानाची पाटी आहे. नवीन गिऱ्हाईक आधी तिच्यावर बसेल, ढिला लगाम काय असतो ते त्याला तिच्याकडूनच कळेल, आणि तुम्ही तयार करत असलेल्या शिंगराचे पैसे तो त्या अनुभवावर देईल. शिंगराच्या भांडवलासाठी तिच्यावर आठवड्याला दोन-तीन लोकांना पैसे घेऊन शिकवा. पहिलं शिंगरू विकलं गेलं आणि दुसरं तुमच्या हाताखाली एका हातावर वळायला लागलं की मग तिच्यासाठी गिऱ्हाईक बघा. घाई नसेल तर पावसाळ्यानंतर, रस्ते आणि जमीन सुकल्यावर, कारण चिखलात दाखवलेल्या घोड्याला कुणीच नीट भाव देत नाही.